सत्तावन्न खेपांची गैरहजेरी

१

चोरीला गेलं होतं पाणी, आणि चोर पकडला होता एका खांबानं. माणसाचा त्यात कुठंच हात नव्हता, याचाच आमच्या तहसील कचेरीला मोठा अभिमान होता.

२०१६ चा उन्हाळा. लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं आणि आमच्या उदगिरात मात्र लोकांच्या तोंडी दुसरंच: उदगीर जिल्हा होणार! कचेरीच्या माठात पाणी नव्हतं, पण नव्या जिल्ह्याच्या आशेनं फाटकाला रंगाचे दोन हात मिळाले होते. मी शरदचंद्र देवणीकर, तिथला अव्वल कारकून. एकतीस वर्षांची नोकरी, आणि टँकरच्या सगळ्या मिसली माझ्या टेबलावर.

पूर्वी टँकर गावात पोचला की गावकऱ्यांचे अंगठे घ्यायचे. एकेका गावाचे अंगठे इतके वाढले की तेवढी माणसंही त्या गावात नसतील. म्हणून त्या वर्षी यंत्र आलं. गावाच्या वेशीत एक खांब, खांबावर एक चपटी पेटी. प्रत्येक टाकीला एक टॅग, म्हणजे बोटभर रुंदीची चिकटपट्टी. टँकर खांबासमोरून गेला की 'टिंग' असा आवाज, हिरवा दिवा आणि आमच्या संगणकावर नोंद. ट्रॅक्टरला पुढं काच नसते आणि ट्रॅक्टर बदलतातही, म्हणून टॅग लावला ट्रॉलीवरच्या प्लास्टिकच्या टाकीला, बरोबर पोटावर मधोमध. चाचणी मीच घेतली. कचेरीच्या आवारात बारा टाक्या रांगेनं फिरवल्या. पाण्याचा एक थेंबही वाया न घालवता बाराच्या बारा टाक्या यंत्रानं ओळखल्या. तहसीलदारांनी माझी पाठ थोपटली.

मग वीस दिवसांनी धोंडवाडीची नोंद काढली. गावाला दोन टँकर: एक व्यंकटीचा, एक नरसिंगचा. दोघांच्या रोज तीन खेपा, म्हणजे प्रत्येकी साठ. नरसिंगच्या पहिल्या चार दिवसांच्या सोडल्या तर सगळ्या हजर. ते पहिले चार दिवस यंत्राला कुणीच दिसलं नव्हतं. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "नवीन आहे, जरा स्थिरावू द्या." व्यंकटीच्या साठातल्या यंत्रानं पाहिल्या होत्या फक्त तीन.

त्याला काढलं. शनिवारी पोलिसांत फिर्याद द्यायची ठरली. व्यंकटी एवढंच म्हणत होता, की पाणी मी पोचवलंय. फिर्याद कोर्टात टिकली पाहिजे म्हणून तहसीलदारांनी नांदेडहून एक तज्ज्ञ बोलावला. मंगळवारी सकाळी तज्ज्ञ एस.टी.नं आल्या. विशाखा सोनकांबळे, तंत्रनिकेतनात शिकवतात, तिशीच्या आसपास, खांद्याला कापडी पिशवी.

मी कौतुकानं छापील नोंद पुढं केली. म्हटलं, "मॅडम, सही तेवढी करा. यंत्र काही खोटं बोलत नाही."

त्यांनी नोंद नीट वाचली आणि माझ्याकडं बघितलं. "बरोबर आहे, खोटं नाही बोलत. पण ते नक्की काय बोललं, हे तुम्ही त्याला विचारलंय का?"

२

जीपमध्ये मी जरा घुश्श्यातच होतो. पण मॅडमना शिकवायची सवय, आणि मला न कळलेलं कळल्यासारखं दाखवायची.

"या टॅगला सेल कुठं बसवतात?" मी विचारलं.

"सेल नसतोच. हा बिचारा स्वतःहून मुकाच. खांबावरची पेटी लहरी सोडते. टॅगवर त्या पडल्या की त्यातूनच त्याला घोटभर शक्ती मिळते, तेवढ्यावर तो जागा होतो आणि आपला नंबर परत पाठवतो." त्यांनी डब्याचं स्टीलचं झाकण काढलं आणि उन्हात धरलं. जीपच्या छतावर कवडसा नाचायला लागला. "हे झाकण काही दिवा नाही. पण ऊन आहे तोवर मी ते हलवून तुम्हाला खूण करू शकते. टॅग असाच करतो. पेटीच्याच लहरी परतवतो, फक्त आपल्या खुणेनं."

"म्हणजे ऊन नसेल तर..."

"तर टॅग नाही. असूनही नाही. म्हणून यंत्र फक्त एकच गोष्ट सांगतं: मला अमुक टॅग दिसला. दिसला नाही याचा अर्थ आला नाही, असा आपण लावतो."

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. एकतीस वर्षं मी मिसलींत तेच करत आलो होतो. कागद नाही म्हणजे माणूस नाही.

धोंडवाडीत उतरल्यावर त्यांनी खांब तपासला. पेटी शाबूत, तारा शाबूत. पिशवीतून एक सुटा टॅग काढून समोर धरला, तर लगेच टिंग. यंत्र ठणठणीत होतं.

"आता तर मान्य?" मी म्हणालो.

"हो. यंत्राचा दोष नाही. त्यामुळंच अवघड झालंय," त्या म्हणाल्या.

३

व्यंकटी दारात बसला होता. पन्नाशीचा, उन्हानं रापलेला माणूस. त्यानं टॅग काढून टाकला असेल, ही माझी पहिली शंका. पण दारातच उभ्या टाकीवर टॅग चिकटलेला होता, कडा जराही उचकटलेली नव्हती.

"मॅडम, मी पाणी आणलं हाय," तो म्हणाला. "ह्याच्याउपर मला काय बोलाया येत न्हाई."

"मग यंत्राला का दिसला नाहीस?" मी आवाज चढवला.

"वेशीतूनच येतो, सायब. दुसरी वाटच न्हाई. ट्रॉली वळाया जागा न्हाई म्हून जाताना मागल्या पांदीनं जातो, पर येताना खांबाम्होरूनच."

त्याची बायको चांगुणा आतून बोलली. "ह्यांचं सोडा. हे तोंड मिटून बसल्यात. टँकर वततात त्या आडावर मला जावं लागतंय. गावात पाणी कमी पडून राहिलंय, हे खरंच हाय. मग कुणी तर खाल्लंच आसंल की! बाया मला काय बोलत न्हाईत. मी गेले की नुसत्या सरकत्यात. आता मी जातच न्हाई." बोलता बोलता ती उंबऱ्यात आली. मला तिच्याकडं बघवेना, म्हणून मी हातातल्या चौकशीच्या फॉर्मकडं बघितलं.

बाहेर सरजाबाई भेटल्या. पासष्टीच्या, बांधा बारीक, आवाज खणखणीत. त्यांचं घर गावाच्या पार टोकाला.

"व्यंकटी पाणी आणत होता का?" मॅडमनी विचारलं.

"आणत व्हता. पुरं आणत व्हता. मला म्हाईत हाय."

"कसं?"

"मी रांगेत शेवटची. लांबून यावं लागतंय, येईस्तोवर पुढं रांग लागलेली. व्यंकटीच्या खेपंला माझी घागर भरती. नरसिंगच्या खेपंला माझ्यापातूर पाणी येतच न्हाई, आडाचा तळ दिसतोय."

"आजी, तुम्ही मोजलं होतं का?" मी म्हणालो.

सरजाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "रिकामी घागर घिऊन घरला जायाचं, ते काय मोजावं लागतंय व्हय रं?"

माझ्या फॉर्मात याला रकाना नव्हता, म्हणून मी काही लिहिलं नाही. मॅडमनी मात्र वहीत शब्दन् शब्द उतरवला आणि खाली दोन रेघा मारल्या. मग मला विचारलं, "दोघांच्या टाक्या सारख्याच आहेत ना? पाच-पाच हजार लिटरच्या?"

"तंतोतंत."

"मग सरजाबाईंची घागर एकाच्या खेपेला भरते आणि दुसऱ्याच्या खेपेला रिकामी राहते, हे कसं?"

मी जीप विहिरीकडं घ्यायला सांगितली.

४

टँकर भरायची विहीर धोंडवाडीहून सहा किलोमीटरवर. तिथं संगप्पा मोटार चालवतो आणि रजिस्टर ठेवतो. माझा दुसरा संशय त्याच्यावर होता. त्यानं व्यंकटीला भरलेच नसतील टँकर, नुसत्या नोंदी केल्या असतील.

"अय्यो सायबा, गळ्यापर्यंत भरून देतो दोघांला," संगप्पा म्हणाला. "झाकणातनं सांडेपर्यंत. बघा की रजिस्टर!"

रजिस्टरात नरसिंगच्या साठ भरत्या आणि व्यंकटीच्या सत्तावन्न.

"तीन कमी का?" मॅडमनी लगेच विचारलं.

"तीन येळा लाइट गेली. नरसिंग लिंबाखाली झोपला लाइट येईपर्यंत. ह्यो व्यंकटी यडा. रिकामी टाकी घिऊन पळाला गावाकडं. म्हणे, बाया उन्हात रांग लावून बसल्या असतील, पाण्याला उशीर हाय म्हून सांगाया पायजे. ह्याची ती खेप बुडाली."

मी तारखा आणि वेळा ताडून बघितल्या. यंत्रानं व्यंकटीला ज्या तीन वेळी पाहिलं होतं, त्या नेमक्या याच तीन! मी ओरडलोच. "बघा! दिसला तेव्हाही टाकी रिकामीच! आता काही सुटत नाही हा."

मॅडमनी रजिस्टर आपल्याकडं ओढलं. मग म्हणाल्या, "साहेब, कागद बरोबर आहे. तुम्ही तो उलटा वाचताय."

तेवढ्यात नरसिंगचा ट्रॅक्टर आला. तरणाबांड गडी, डोळ्यांवर गॉगल. "माझी हजेरी कवाच चुकली न्हाई, मॅडम," तो हसत म्हणाला. "मशीनला इमानदार माणूस बरुबर वळखू येतो."

"पहिले चार दिवस चुकली होती," मॅडम म्हणाल्या.

त्याचं हसू तसंच राहिलं, पण त्यानं गॉगल काढला आणि उगाच पुसायला घेतला. मॅडम त्याच्या पांढऱ्या टाकीभोवती फिरल्या. गाळाची एक तपकिरी रेघ टाकीच्या जवळजवळ निम्म्यावर उमटली होती. तिच्यावर चार बोटं सोडून टॅग. व्यंकटीच्या टाकीवरची रेघ मात्र गळ्यापाशी होती, हे मीही दुपारी बघितलं होतं. बघून काय उपयोग? समोर दिसतं त्याची नोंद करायची माझी सवय केव्हाच सुटली होती.

५

कचेरीत परतलो तेव्हा पाच वाजत होते. मॅडमनी सुटा टॅग आणि हातात धरायचं छोटं यंत्र टेबलावर मांडलं. माझ्या खुर्चीशेजारी प्लास्टिकची पाण्याची बाटली होती, दिवसभर पुरवून पुरवून निम्मी राखलेली.

"ती बाटली द्या. आणि आता पिऊ नका."

त्यांनी टॅग बाटलीच्या वरच्या रिकाम्या भागाला चिकटवला. टिंग. मग तोच टॅग खाली, पाण्याच्या पातळीत चिकटवला. यंत्र गप्प. पुढं आणलं, मागं नेलं, तरी गप्प. पुन्हा वर लावला, तर टिंग.

मी बाटलीकडं बघत बसलो.

"या जातीच्या लहरी फार भरभर हलणाऱ्या असतात," त्या म्हणाल्या. "पाणी त्या पिऊन टाकतं. लोखंड त्यांना परतवून लावतं, पाणी गिळून टाकतं. टॅगच्या पाठीशी पाणी असलं की त्याच्या वाट्याला घोटभर शक्तीही उरत नाही. टाकी रिकामी असली की टॅग बोलतो. भरली की मुका."

"म्हणजे व्यंकटी..."

"व्यंकटी सत्तावन्न वेळा गळ्यापर्यंत भरून आला आणि सत्तावन्न वेळा यंत्राला दिसला नाही. तीन वेळा रिकामा आला, तेवढा दिसला. इतका चोख पुरावा मी आजवर बघितला नाही. आणि नरसिंग..."

पुढचं मलाही कळलं. दररोज वाजणारी टाकी टॅगपर्यंत कधीच भरलेली नव्हती. पण मला बोचलं ते वेगळंच. मॅडम विचारत होत्या, "चाचणीच्या वेळी हे लक्षात कसं आलं नाही? चाचणी घेतली कोणी होती?"

मी सांगितलं.  बारा टाक्या, सगळ्या कोरड्या. कंपनीचा माणूस म्हणाला होता, भरून बघायच्या का? मीच त्याच्यावर डाफरलो होतो. लोकांना प्यायला नाही आणि चाचणीला साठ हजार लिटर पाणी नाचवायचं? मला ते पाप वाटलं होतं. इतकं बरोबर वागल्याचं समाधान मला नोकरीत क्वचितच मिळालं असेल.

मॅडम रागावल्या नाहीत. "दुष्काळात कुणीही हेच केलं असतं," त्या हळूच म्हणाल्या. "नांदेडच्या प्रयोगशाळेत आम्ही टाकी भरून बघितली असती, कारण आम्हाला तिथं नळ आहे. पण साहेब, हे तहसीलदारांसमोर बोलावं लागेल."

६

गुरुवारी सकाळी सगळी धोंडवाडी वेशीत जमली. तहसीलदार खुर्चीवर. संगप्पानं व्यंकटीची टाकी झाकणापर्यंत भरून दिली होती. ट्रॅक्टर येऊन खांबाच्या अगदी समोर थांबला.

यंत्र गप्प. दिवा लाल. हजार डोळे खांबाकडं.

"आता वाल्व्ह उघडा," मॅडम म्हणाल्या. वेशीपासून आड चाळीस पावलांवर. पाईप जोडून तिथपर्यंत नेले होते, म्हणजे थेंबही वाया जाणार नव्हता. या वेळी मी ते जातीनं बघितलं होतं. पाणी आडात पडायला लागलं. पांढऱ्या टाकीतली पातळी उन्हात दिसत होती, बोटाबोटानं खाली सरकणारी.  पातळी टॅगच्या खाली चार बोटं गेली आणि खांब वाजला. टिंग!

"आता ही टाकी निम्मी आहे," मॅडम मोठ्यानं म्हणाल्या. "निम्म्यापेक्षा जास्त भरलेली टाकी या खांबाला दिसत नाही. नरसिंगराव, तुमची टाकी सोळा दिवस रोज तिन्ही वेळा वाजली. उरलेलं पाणी कुठं गेलं?"

नरसिंगनं इकडंतिकडं बघितलं. पळायला वाट नव्हती, सरजाबाई कमरेवर हात ठेवून नेमक्या पांदीच्या तोंडाशी उभ्या होत्या. तो खाली बसला.

"पहिले चार दिस भरूनच आणलं, मॅडम. मशीन बघंना. म्हटलं, काढत्यात आता मला. पाचव्या दिशी वाटंत नळी फुटली, निम्मं सांडलं. भीत भीत आलो, तर वाजलं की! मग ध्यानात आलं. भरून आणलं तर गैरहजर, अर्धं आणलं तर हजर."

"आणि अर्धं कुठं सोडायचास?"

त्यानं नाव सांगितलं. नव्या जिल्ह्याची कचेरी जिथं होणार अशी हवा होती, त्या माळावर त्याच माणसानं प्लॉट पाडले होते. फाटकापाशी हिरवळ, दोन्ही बाजूंना नारळाची झाडं. मागच्याच रविवारी मी बायकोला घेऊन तिथं प्लॉट बघून आलो होतो आणि त्या हिरवळीवर चपला काढून चाललो होतो. धोंडवाडीच्या पाण्यावर चालत होतो, हे मला आता कळलं. मला माझी किळस आली.

"तुला कळलं व्हतं," व्यंकटी त्या सकाळी पहिल्यांदाच बोलला. "मला काढलं तवाबी तुला कळलं व्हतं." नरसिंगनं मान वर केली नाही.

तहसीलदार माझ्याकडं वळले. त्यांनी विचारायच्या आत मीच बोललो. चाचणी माझी, टाक्या कोरड्या, सही माझी. कुणी हसलं नाही, कुणी ओरडलंही नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

७

सगळे हुकूम तिथंच झाले. प्लॉटवाल्यावर आणि नरसिंगवर कारवाई. टॅग टाकीवरून काढून ट्रॉलीच्या पुढच्या बाजूला उभ्या लाकडी फळीवर लावायचा, पाण्यापासून लांब आणि लोखंडापासूनही. आणि चाचणी भरल्या टाकीनं. व्यंकटी आजपासून कामावर.

"हुकमाची प्रत पोस्टानं घरी येईल," तहसीलदार जीपकडं जाता जाता म्हणाले.

व्यंकटी आडवा उभा राहिला. हात जोडलेले होते, पण मान ताठ. "सायब, चोर म्हणलात ते देवळाच्या भोंग्यावरून. चोर न्हाई, हे पाकिटात घालून का?"

तहसीलदार थांबले. आठ दिवसांपूर्वी तो कागद भोंग्यावरून वाचायला मीच पाठवला होता. मी त्यांच्याकडं न बघताच देवळाच्या पायऱ्या चढलो आणि माईक घेतला.

हुकूम वाचला. 'उपरोक्त विषयास अनुसरून' पासून 'सबब निर्दोष' पर्यंत. खाली लोक नुसते वर बघत होते. त्यांना त्यातलं काही कळलं नव्हतं. मी कागद खिशात घातला.

"ऐका," मी म्हणालो. "व्यंकटीनं पाणी आणलं होतं. सत्तावन्न खेपा, सगळ्या भरून. त्यानं एक घागरही चोरली नाही. टाक्या रिकाम्या असताना यंत्र तपासलं, ही चूक माझी. सरजाबाईंनी खरं सांगितलं होतं, ते मी लिहून घेतलं नाही. माझं नाव शरदचंद्र देवणीकर."

उतरलो तर पायथ्याशी व्यंकटी उभा. डोळे भरलेले. आभार मानेल असं मला वाटलं, आणि तसं वाटल्याची लगेच लाजही वाटली. त्यानं लांब बोट केलं. ओढ्यापलीकडं, माळाच्या उतारावर दहा-बारा पत्र्यांची घरं चमकत होती.

"सायब, त्या वाडीत माझी लेक दिलीया," तो म्हणाला. "त्या दिशी तिथवर ऐकू गेलं व्हतं. आज वारं उलटं हाय."

मी परत वर गेलो. विशाखा मॅडमही आल्या, आम्ही दोघांनी मिळून भोंग्याचं तोंड त्या वाडीकडं फिरवलं. मग मी माईक घेतला आणि छातीत होता नव्हता तेवढा आवाज काढून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, माझ्या नावासकट.